घड्याळासमोर बसलेला कादंबरीकार

लेखक म्हटला की आपल्याला प्रतिभेची लहर आठवते. लहर आली की लिहायचे, एरवी खिडकीबाहेर पाहत बसायचे! आम्हां विद्यार्थ्यांचा अभ्यासही बहुधा याच लहरीवर चालतो. म्हणूनच इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप याचे चरित्र वाचताना मी थक्क झालो.

ट्रोलपचा जन्म १८१५ साली लंडनमध्ये झाला. वडिलांची वकिली चालली नाही. १८३४ मध्ये कर्जापायी कुटुंबाला बेल्जियममधील ब्रूज येथे आश्रय घ्यावा लागला. तेथे क्षयी मुलाची आणि आजारी पतीची शुश्रूषा करता करता आई फ्रान्सिस कादंबऱ्या लिही आणि त्यांवर घर चाले. त्याच वर्षी एकोणीस वर्षांचा अँथनी लंडनच्या टपाल कचेरीत कारकून झाला. वेळेवर न येणारा, कर्जात बुडालेला कारकून अशीच त्याची ख्याती होती. १८४१ मध्ये तो आयर्लंडला गेला. घोड्यावरून हिंडून टपालव्यवस्थेची तपासणी करायचे काम अंगावर पडले आणि माणूसच बदलला. १८४७ मधली पहिली कादंबरी साफ पडली. पण लेखणी खाली ठेवली गेली नाही.

पुढे त्याचा नेम ठरून गेला. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे. वेळेवर उठवण्यासाठी एका म्हाताऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देई. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लिखाण वाचण्यात जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द! न्याहारीपूर्वी लेखन संपलेले असे आणि मग दिवसभर नोकरी. किती पाने झाली याची तो रोजनिशीत नोंद ठेवी, म्हणजे आळसाची जागा कोरी दिसे. आगगाडीच्या प्रवासातही तो पेन्सिलीने लिही. पत्नी रोझ त्याची स्वच्छ प्रत करी. १८६७ पर्यंत त्याने नोकरी सोडली नाही. चॅनेल बेटांवर १८५२ मध्ये रस्त्यावरच्या टपालपेट्या सुरू झाल्या, त्याही त्याच्याच शिफारशीवरून.

१८८२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या नावावर सत्तेचाळीस कादंबऱ्या होत्या. पुढच्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यातला हा प्रांजळ हिशेब अनेकांना खटकला. जोडे शिवणाऱ्या कारागिरासारखे लिहिणारा हा कसला कलावंत, असे त्यांना वाटले. त्याच्या कीर्तीला त्यामुळे धक्का बसला.

मला मात्र हा आक्षेप पटत नाही. पानांची मोजदाद त्याने केली, पण बार्सेटशायरमधली माणसे काही घड्याळाने घडवली नाहीत. घड्याळाने एवढेच केले की, नोकरीच्या रगाड्यात त्या माणसांसाठी रोज तीन तास राखून ठेवले. प्रतिभा आपल्या हाती नसेल, मित्रहो. पण ती आली तर आपण मेजाशी सापडावे, एवढे तरी आपल्या हाती आहे ना?