कामगारांचे ना. म. जोशी

पायलट म्हटले की माझ्या वर्गमित्रांच्या डोळ्यांपुढे विमान येते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र माझे बाबा येतात. ते मालगाडीचे लोको पायलट आहेत. त्यांचे थोरले बंधू, म्हणजे माझे मोठे बाबा, हेही तेच काम करतात. आमचे गाव पांढुर्णा, नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरचे. मध्य प्रदेशात असले तरी घराघरांत मराठी बोलणारे. माझे शालेय शिक्षण सौंसरला आजोळी मराठी माध्यमात झाले आणि आता मावशीकडे राहून मी सोलापुरात वाणिज्य शाखेत शिकतो आहे.

२०२४ च्या डिसेंबरात रेल्वेत मान्यताप्राप्त संघटना ठरविण्यासाठी मतदान झाले. बाबा एका संघटनेचे, मोठे बाबा दुसरीचे. त्या दिवसापासून एका अंगणातले हे दोन भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. पुढच्या पोळ्याला पुरणपोळीच्या पंगतीतही ते दोन टोकांना बसले. पुढे वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि २०२५ च्या डिसेंबरात हजारो विमानफेऱ्या रद्द झाल्या. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती. कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आपल्या देशात कोणी आणि कशी घालून घेतली, हे पाहावे म्हणून ग्रंथालयात गेलो आणि कै. नारायण मल्हार जोशी मला भेटले.

५ जून १८७९ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली. १९०९ साली ते ना. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ साली मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणगावातील चाळींत रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने हे त्यांचे पहिले कार्यक्षेत्र. कामगारांच्या पुढारीपणाआधी त्यांनी कामगारांची सेवा केली, हे मला विशेष वाटते.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे गेले. परंतु त्यांना निवडले होते सरकारने, कारण कामगारांची अशी अखिल भारतीय संघटनाच तेव्हा नव्हती. ही उणीव पुढच्याच वर्षी भरून निघाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक स्थापन झाली. वॉशिंग्टनच्या करारात भारतासाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा होती; १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने ती आपल्याकडे आली. आज ६० तास ऐकून आपण दचकतो, पण त्यापूर्वी प्रौढ पुरुषाच्या आठवड्याला कारखान्यात सर्वसाधारण अशी मर्यादाच नव्हती.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे त्यांचे कार्य पुढेच आहे. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या झगड्यात न्यायालयाने मजूर संघाच्या पुढाऱ्यांवरच मनाई हुकूम बजावला होता. संघटना बांधणे हाच जणू गुन्हा ठरत होता! तेव्हा १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात जोशींनी मजूर संघांना कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला. त्या प्रयत्नांतून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. सात माणसांनी एकत्र येऊन संघ नोंदवावा, ही सोय त्याच कायद्याने झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे.

१९२८ च्या मुंबईतील गिरणी संपात सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. त्या वेळी नेमस्त जोशी आणि कम्युनिस्ट डांगे एकाच संयुक्त समितीत काम करीत होते. पण पुढच्याच वर्षी नागपूरला फूट पडली. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असलेल्या त्या अधिवेशनात बहुमताने व्हिटले आयोगावर बहिष्कार घातला. जोशी स्वतः त्या आयोगाचे सभासद होते. कामगारांची गाऱ्हाणी मांडण्याची संधी सोडू नये, असे त्यांचे मत. ते सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि वेगळे फेडरेशन निघाले. दोन महिन्यांतच, फेब्रुवारी १९३० मध्ये, आमच्या पांढुर्ण्यावरून जाणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेत संप झाला. दुभंगलेल्या चळवळीत कामगारांच्या पदरी फारसे पडले नाही.

येथे मी बराच वेळ थांबलो. जोशी चुकले काय? आयोगात राहून त्यांनी कामगारांची बाजू मांडली, हे खरे. पण फुटीची किंमत कामगारांनी मोजली, हेही खरे. मला त्यांचा मोठेपणा बाहेर पडण्यात दिसत नाही, परत येण्यात दिसतो. १९३८ साली त्याच नागपुरात दोन्ही संघटनांचे संयुक्त अधिवेशन झाले, १९४० मध्ये विलीनीकरण पुरे झाले आणि पुन्हा एकत्र आलेल्या आयटकचे सरचिटणीसपद जोशींनी १९४८ पर्यंत सांभाळले. शेवटी मतभेदांमुळे तेही त्यांनी सोडले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या लोअर परळमधील डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे.

आमच्या गावची गोटमार आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. मध्ये पळसाच्या झाडावर झेंडा असतो. डोकी फुटतात, माणसे दगावलीही आहेत. पण शेवटी ते झाड चंडिकेच्याच देवळात जाते आणि देवी दोन्ही काठांची असते. निष्ठा झेंड्याशी की ज्याच्यासाठी तो उभारला त्याच्याशी, हा प्रश्न जोशींच्या चरित्राने माझ्यापुढे टाकला. त्यांचे उत्तर मला कळले असे वाटते: संघटना सोडावी लागली तरी कामगार सोडू नये, आणि परतीची वाट दगडांनी बुजवू नये.

सुटीत मी गावी जाईन तेव्हा या अंकाची एकच प्रत बरोबर नेणार आहे. बाबांनी वाचून झाल्यावर ती मोठ्या बाबांना स्वतःच नेऊन द्यावी लागेल.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष वाणिज्य