लुई ब्रेल : अंधांच्या बोटांना वाचा देणारा सेवक

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात झाला. वडील घोड्यांचे साज बनवीत. तिसऱ्या वर्षी खेळताना वडिलांची आरी त्यांच्या डोळ्यात घुसली आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. गावच्या धर्मगुरूंनी या बालकास प्रथम शिकविले.

१८१९ साली ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. तेथील उठावदार अक्षरांचे ग्रंथ अवजड होते. ते कष्टाने वाचता येत, परंतु तसे लिहिणे अशक्यच. चार्ल्स बार्बिए यांच्या १२ ठिपक्यांच्या पद्धतीतील चिन्ह बोटाखाली मावत नसे. १५ वर्षांच्या लुईंनी ते ६ ठिपक्यांवर आणले आणि अंधांच्या हाती लेखणी आली. १८२९ मध्ये ही लिपी प्रसिद्ध झाली.

पुढे ते त्याच शाळेत शिक्षक व चर्चमध्ये ऑर्गनवादक झाले. शाळेने काही काळ लिपीस मनाई केली, तरी विद्यार्थी ती गुपचूप वापरीत. ६ जानेवारी १८५२ रोजी त्यांचे क्षयाने निधन झाले. शाळेची अधिकृत मान्यता १८५४ साली मिळाली. आज मराठीही याच ६ ठिपक्यांत वाचली जाते. आपल्या धर्मग्रामातील अंध बांधवांच्या हाती प्रार्थनापुस्तक याच लिपीत पडावे, हेच त्यांचे खरे स्मरण ठरेल.