इब्राहिमखान गारदी



आपल्या ढोकीपासून औसा आणि उदगीर काही फार दूर नाहीत. उदगीरचा किल्ला तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. याच टापूत इ. स. १७६० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या विजयात ज्याच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता, त्या इब्राहिमखान गारदीची हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे.

गारदी म्हटले की आपल्याला शनिवारवाड्यातील नारायणराव पेशव्यांचा खून आठवतो. तो १७७३ सालचा. त्या घटनेने हा शब्दच बदनाम झाला. वास्तविक हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून कवायत शिकलेला बंदूकधारी शिपाई एवढाच त्याचा अर्थ. इब्राहिमखान हा निजामाच्या पदरी असलेल्या बुसी या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली तयार झाला. रांग न मोडता चालणे, हुकुमासरशी एकदम बार काढणे, तोफा आणि पायदळ यांनी एकमेकांना न सोडणे, ही विद्या तो तेथे शिकला. पुढे निजामाची चाकरी सुटली आणि तो पेशव्यांकडे आला. काल ज्यांच्या बाजूने उभा होता, त्यांच्यावरच उदगीरला तोफा डागाव्या लागल्या. पण धन्याशी त्याने कसूर केली नाही.

उदगीरनंतर सदाशिवरावभाऊंचा या तोफखान्यावर फार विश्वास बसला आणि तो घेऊनच ते अब्दालीवर चालून गेले. वाटेत सुरजमल जाटाने त्यांना सल्ला दिला की, बायकामुले, जड सामान व मोठ्या तोफा मागे किल्ल्यांत ठेवाव्यात आणि हलक्या स्वारांनिशी शत्रूला हैराण करावे. मल्हारराव होळकरांचेही मत तसेच होते. दोघेही उत्तरेत मुरलेले. भाऊंनी ते ऐकले नाही.

भाऊ केवळ हट्टी होते असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्लीचा किल्ला आणि ऑक्टोबरात कुंजपुरा या तोफांच्याच बळावर पडला. इब्राहिमखानाचे म्हणणेही बिनतोड होते. गनिमी काव्यात स्वार निसटून जाईल, पण पायी लढणाऱ्या गारद्याने जावे कोठे? चूक दुसरीकडेच झाली असे मला वाटते. भाऊंनी तोफा आणि गारदी घेतले, पण यात्रेकरू, बायकामुले आणि बुणगे यांचा तो प्रचंड लबेदाही सोबतच राहू दिला. ना हा सल्ला पुरता पाळला, ना तो.

पुढे पानिपतावर अडीच महिने तळ पडला. रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि छावणीत उपासमार सुरू झाली. जनावरे पटापट मरू लागली. अखेर ठरले की गोल बांधून शत्रूमधून वाट काढावयाची. गोल म्हणजे बाहेरून तोफा व गारदी, आत स्वार आणि मधोमध बिनलढाऊ माणसे. ही इब्राहिमखानाची लढाई. तिची अट एकच : हुकुमाशिवाय कोणी जागा सोडावयाची नाही. भाऊंनी हे मान्य केले खरे, परंतु जन्मभर घोडा फेकून लढलेल्या सरदारांच्या ते गळी उतरले नव्हते.

१४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान भाऊंना भेटावयास गेला. या भेटीचे वर्णन शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. शिपायांच्या पगाराचा तगादा लावतो म्हणून भाऊ त्याच्यावर अनेकदा रागावत. तो पैसा फुकट गेला नाही हे आज दिसेल, अशा अर्थाचे बोलून तो डाव्या बाजूला आपल्या पलटणींकडे गेला.

त्याने रोहिल्यांची अक्षरशः कत्तल उडविली. शत्रूची ती फळी मोडत आली असता विंचूरकरांचे स्वार जोशात पुढे घुसले, असे इतिहासकार सांगतात. आपलेच लोक समोर आल्यावर तोफा डागाव्या कशा? गोल फुटला. रोहिल्यांनी सावरून बंदुकांच्या माऱ्याने त्या स्वारांना मागे रेटले आणि मग सारा भार गारद्यांवर आला. इब्राहिमखानाच्या बहुतेक पलटणी जागच्या जागी कापल्या गेल्या. दुपारी विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले, होळकर निघून गेले.

इब्राहिमखान जबर जखमी होऊन कैद झाला. शुजाउद्दौल्याने त्याला आपल्या छावणीत लपविले, पण अब्दालीला पत्ता लागताच त्याला स्वाधीन करणे भाग पडले. त्याच्या जखमांवर विषारी औषध लावविले आणि आठवड्याच्या आत त्याचा अंत झाला, असे काशीराज लिहितो.

त्याच रणांगणातून पायाला जखम झालेले महादजी शिंदे वाचले. त्यांना राणेखान नावाच्या एका भिस्त्याने वाचविले, आणि पुढे महादजींनी त्याला भावासारखे मानून सेनापती केले. १७८४ मध्ये महादजींनी दि बॉयन या परदेशी सेनानीला ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या. त्या पलटणींच्या पगारासाठी त्यांनी अलीगढच्या बाजूचा मुलूख वेगळा तोडून दिला होता.