कवी टिळकांची शाळा



जून महिना आला, की एखादी आई आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे येते. पोरगा शाळा सोडायची म्हणतो. घरात वडिलांचा मार, डोके अभ्यासात लागत नाही. अशा वेळी आम्हांला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, पण त्यांची भजने आपण आपलीच मानून गातो.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणातल्या करजगावचा. वडील फार तापट. आईचा तेवढा आधार होता, तीही लवकर वारली. पोरवयातच नारायणाने घर सोडले आणि नाशिक गाठले. खिशात काही नाही, ओळख नाही. तेथे गणेशशास्त्री लेले यांनी त्याला हाताशी धरले, संस्कृत शिकवले, काव्याची गोडी लावली. इंग्रजी शाळा मात्र जेमतेम दोन वर्षेच मिळाली. लग्न झाले, पोटामागे धावणे आले. पदवी कधीच हाती आली नाही. शिकणे मात्र थांबले नाही. मिळेल ती कामे करत ते गावोगाव हिंडले. नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचे काम केले. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तोही त्यांनी विद्यार्थ्यासारखाच, शंका काढत वाचला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. वडिलांचा ताप टिळकांतही उतरला होता. विद्येने त्यांना त्या घरातून बाहेर काढले, पण स्वभाव बरोबर आलाच. पत्नीच्या संमतीवाचून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या काळात त्या आपल्या जिल्ह्यातल्याच पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. सुमारे पाच वर्षांची ही ताटातूट. तत्त्वज्ञान शिकताना आम्ही स्वातंत्र्यावर पुष्कळ वाचले. स्वतःच्या रागापासून सुटका ही त्यातली सर्वांत अवघड, असे आता वाटते.

टिळकांनी ही सुटका हळूहळू, पडत-उठत साधली. नगरला ते धर्मशिक्षण देत, अनाथ मुलांना घरी ठेवून घेत. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. जेमतेम अक्षरओळख असलेल्या या बाईला टिळकांनी लिहिते केले. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले.