सी.के. नायडू

कोट्टारी कनकय्या नायडू (३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर – १४ नोव्हेंबर १९६७, इंदूर) हे भारतीय क्रिकेटपटू आणि भारताच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार होते. ते उत्तुंग षटकारांसाठी प्रसिद्ध होते.

सुरुवातीची कारकीर्द

नायडू यांचा जन्म नागपुरातील तेलुगूभाषक कुटुंबात झाला. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १९२३ साली इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. क्रिकेट हा स्वतंत्र व्यवसाय नसलेल्या त्या काळात खेळाडूंना अशाच संस्थानी आश्रयाचा आधार असे.

१९२६ ची खेळी

१ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना नायडूंनी आर्थर गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. पाहुण्या संघाच्या गाय अर्ल यांनी त्याआधी केलेल्या तडाखेबंद शतकाला हे उत्तर ठरले. या दौऱ्यानंतर भारताच्या कसोटी दर्जाच्या मागणीला बळ मिळाले व डिसेंबर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली.

कर्णधारपद

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कर्णधार व लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार होते. महाराजांनी माघार घेतली आणि उपकर्णधार जायबंदी झाले. त्यामुळे लॉर्ड्सवरील भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व नायडूंकडे आले. राजघराण्याबाहेरील खेळाडूचे नेतृत्व काही सहकाऱ्यांना रुचले नव्हते. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत होऊनही पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांनीच केल्या. भारत १५८ धावांनी पराभूत झाला. त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणी सामन्यांत १,६१८ धावा केल्या. १९३३ साली विस्डेनने त्यांची वर्षातील पाच क्रिकेटपटूंत निवड केली. पुढे १९३६ च्या दौऱ्यात कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांना देण्यात आले. नायडू त्यांच्या हाताखाली खेळले व ओव्हलवर त्यांनी ८१ धावा केल्या. ती त्यांची सर्वोच्च कसोटी धावसंख्या ठरली.

उत्तरकाळ

नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी वयाच्या पन्नाशीत २०० धावा केल्या. १९५६-५७ च्या हंगामात, साठी उलटल्यावरही, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. ७ कसोटींत त्यांनी ३५० धावा केल्या. २०७ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या नावावर ११,८२५ धावा, २६ शतके व ४११ बळी आहेत.

सन्मान

१९५६ साली त्यांना पद्मभूषण पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू होत. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.