रेव्हरंड नारायण वामन टिळक : प्रार्थनेची वाट

विद्यार्थी मित्रहो, फुलामुलांचे कवी म्हणून टिळक तुम्हाला शालेय पाठ्यपुस्तकांतून परिचित असतील. येथे आपणांस त्यांचे चरित्र वेगळ्या अंगाने पाहावयाचे आहे. ज्याची अद्याप ओळख पटलेली नाही अशा देवाला हा मनुष्य किती काळ आणि कोणत्या भाषेत हाक मारीत राहिला, हा आपला प्रश्न आहे.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई बालपणीच वारली, घर सुटले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे लग्न झाले, पण एका गावी वा एका नोकरीत ते फार काळ टिकले नाहीत. या भटकंतीला केवळ लहरीपणा म्हणून सोडून देता येणार नाही. रूढ आचारधर्मात त्यांचे समाधान होत नव्हते आणि देवावाचून राहवतही नव्हते.

1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला व तो अभ्यासण्याचा आग्रह केला. पुस्तक वाचून टिळक तत्काळ ख्रिस्ती झाले, असे समजू नका. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली हे खरे. परंतु त्यानंतर वाचन, शंका आणि प्रार्थना यांत सुमारे दोन वर्षे गेली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिकच, लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. पती जिवंत असूनही त्यांना अनेक वर्षे नातलगांच्या आधाराने वेगळे राहावे लागले. त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. म्हणून टिळकांची श्रद्धा समजून घेताना ‘स्मृतिचित्रे’ बाजूला ठेवू नये. भक्ताच्या तळमळीचा घरच्यांना होणारा ताप तेथे विनोदाच्या आडून स्पष्ट दिसतो.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना टिळकांना एक उणीव जाणवली. मंडळीतील कितीतरी गीते परभाषेतून आली होती. चाली परक्या, शब्दही अवघडलेले. मराठी मनाची आर्तता त्यांत मावेना. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग, पदे व भजने रचली. टाळ-मृदंगासह कीर्तने केली. वारकरी ज्या उत्कटतेने विठोबाची वाट पाहतो, त्याच उत्कटतेने त्यांच्या ‘अभंगांजली’तील भक्त ख्रिस्ताची भेट मागतो. ख्रिस्ताला माय म्हणून आळविण्याची त्यांची रीतही याच परंपरेतली. उत्तर मिळो वा न मिळो, दारातून उठावयाचे नाही, हा हट्ट त्यांनी संतांकडूनच घेतला.

बाप्तिस्म्याने हा शोध थांबला नाही, हे विशेष लक्षात घ्या. 1917 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्वच भक्त त्यात एकत्र यावेत ही त्यांची इच्छा होती. काही ख्रिस्ती बांधवांनाही हे धाडस रुचले नाही. या प्रयोगास पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले होते. ते पुढे नेण्यासाठी लेखणी घेतली ती लक्ष्मीबाईंनी.