बैल जुंपलेली फोर्ड आणि जमनालाल बजाज

सिंदी (रेल्वे), जि. वर्धा : नागपूर-वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हे गाव विदर्भात ओळखले जाते ते तान्ह्या पोळ्यासाठी. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे लहान मुले लाकडी नंदी सजवून मिरवणुकीत आणतात. या परंपरेचे नाते नागपूरकर भोसल्यांच्या काळाशी सांगितले जाते. या नंदींना चाके असतात. दोरी ओढली की बैल चालू लागतो. याच जिल्ह्यात एकेकाळी एका वाहनाची कथा नेमकी उलट घडली. तेथे चाके मोटारीची होती, आणि ती चालत होती हाडामांसाच्या बैलांच्या बळावर. वर्ध्याचे सेठ जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन उतरवून तिला बैल जुंपण्यात आले आणि गांधीजींच्या परिवारात ही गाडी 'ऑक्सफोर्ड' या गमतीदार नावाने ओळखली जाऊ लागली. ऑक्स म्हणजे बैल आणि पुढे फोर्ड, असा हा सरळ हिशेब होता.

जुनी मोटार मिळवायची, तिचे मूळ सुटे भाग धुंडाळायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये महिनोन् महिने खपून तिचे इंजिन पुन्हा धडधडते करायचे, हा आज शहरांतील अनेकांचा जिवापाड जपलेला छंद आहे. वर्ध्यातील फोर्डचा कायापालट मात्र इंजिन बाजूला काढून झाला. ज्या घराण्याचे नाव पुढे स्कूटर आणि रिक्षांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले, त्याच घराण्याच्या मूळ पुरुषाने हे करावे, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे. मात्र त्यामागे लहर नव्हती. जमनालालजींच्या आयुष्यात मोटार दोन वेळा महत्त्वाच्या वळणावर येते आणि दोन्ही वेळा ती त्यांच्या स्वभावाची साक्ष देऊन जाते.

सीकरचा मुलगा, वर्ध्याचा नातू

जमनालालजींचा जन्म 4 नोव्हेंबर 1889 रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. वडील कनीराम हे बेताच्या परिस्थितीतले गृहस्थ. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी सेठ बच्छराज यांच्या घराला वारस उरला नव्हता. त्यांनी या मुलाला नातू म्हणून दत्तक मागितले. मुलाच्या मोबदल्यात धन न घेता कनीरामांनी गावासाठी विहीर मागितली, अशी हकीकत सांगितली जाते. वयाच्या पाचव्या वर्षी जमनालाल वर्ध्याला आले. शाळेचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झाले. पुढचे सारे पेढीवर आणि कापसाच्या बाजारात. लहान वयातच जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला.

सतराव्या वर्षी घडलेला एक प्रसंग पुढच्या आयुष्याची दिशा सांगणारा आहे. एका लग्नसमारंभाला दागिने घालून जाण्याचा आजोबांचा आग्रह होता. नातवाने नकार दिला. रागाच्या भरात बच्छराजांनी दत्तक घराण्याच्या संपत्तीवरून त्याला टोचून बोल लावले. तरुण जमनालालने संपत्तीवरील हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून ठेवले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडले. मोठ्या मिनतवाऱ्या करून त्याला परत आणावे लागले. बच्छराज 1907 मध्ये वारले आणि सारा कारभार त्याच्याच हाती आला. तथापि, मनाने एकदा सोडलेली संपत्ती आपली नाही, ही जाणीव त्याच्या मनातून कधीच गेली नाही. गांधीजींचा विश्वस्ताचा विचार पुढे त्यांनी इतक्या सहजपणे स्वीकारला, त्याची पाळेमुळे या प्रसंगात शोधावी लागतात.

गांधीजी 1915 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतले आणि जमनालालजी त्यांच्याकडे ओढले गेले. डिसेंबर 1920 मध्ये नागपूर काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. याच सुमारास, आपला पाचवा पुत्र म्हणून स्वीकार करावा, अशी विनंती त्यांनी गांधीजींना केली. सरकारने दिलेला रायबहादूर हा किताब त्यांनी असहकाराच्या चळवळीत परत केला. वकिली सोडून चळवळीत उतरणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले. 1921 मध्ये त्यांच्या आग्रहावरून वर्ध्यात सत्याग्रहाश्रमाची शाखा सुरू झाली आणि तिच्या संचालनासाठी विनोबा भावे आले. काँग्रेसच्या खजिनदारपदाची जबाबदारीही त्यांनी प्रदीर्घ काळ सांभाळली.

गिऱ्हाईक न मिळालेली मोटार

त्या काळी जिल्ह्याच्या गावात मोटार असणे ही श्रीमंतीची खूण होती. जमनालालजींकडे मोटार होती. 1923 मध्ये ती नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात सापडली.

चरख्याचा झेंडा घेऊन नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातून मिरवणूक नेण्यास सरकारने बंदी केली होती. ती मोडण्यासाठी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या रेल्वेने नागपूरला येऊ लागल्या. रोज एक तुकडी निघे आणि रोज पकडली जाई. दीड हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. या लढ्याची सूत्रे जमनालालजींच्या हाती होती. जून महिन्यात त्यांना अटक झाली. दीड वर्षाची सक्तमजुरी आणि तीन हजार रुपये दंड, अशी शिक्षा झाली. तीन हजार ही रक्कम त्यांच्या पेढीच्या दृष्टीने किरकोळ होती. पण दंड भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे. त्यांनी तो भरला नाही आणि वसुलीसाठी सरकारने त्यांच्या मोटारीवर जप्ती आणली.

लिलाव पुकारला गेला. पण नागपुरात बोली लावण्यास कोणी पुढे येईना. मोटार उत्तम, किंमत आटोक्यात, शहरात पैसेवाल्यांचीही वाण नव्हती. तरीही तुरुंगात बसलेल्या माणसाची मोटार विकत घेऊन तीत मिरवण्याची कोणाची छाती झाली नाही. अखेर ती मोटार शेकडो मैल दूर काठेवाडात नेऊन विकावी लागली. पट्टाभि सीतारामय्या यांनी काँग्रेसच्या इतिहासात या घटनेची नोंद केली आहे. ऑगस्टमध्ये वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक त्याच रस्त्याने निघाली, सत्याग्रह संपला आणि कैदी सुटले. लोकमत कोणत्या बाजूला होते, याचा निकाल मात्र त्या लिलावात आधीच लागला होता.

चिखल, बैल आणि फोर्ड

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर 1928 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करून जमनालालजींनी स्वसमाजाचा रोष ओढवून घेतला. मीठ सत्याग्रहात विलेपार्ल्याच्या छावणीचे नेतृत्व करून पुन्हा तुरुंगवास पत्करला. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला न परतण्याचा निश्चय केलेल्या गांधीजींना त्यांनी वर्ध्याला आणले. 1934 मध्ये ग्रामोद्योग संघासाठी त्यांनी आपली बाग व इमारत दिली. तीच मगनवाडी. मीराबेन यांनी ज्या सिंदी गावात सफाईचे काम सुरू केले, ते वर्ध्याला लागून असलेले सिंदी (मेघे). रेल्वे स्थानकाचे सिंदी त्याहून वेगळे. नावाच्या कंसातील रेल्वे हा शब्द हाच गोंधळ टाळतो.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगाव या खेड्यात राहण्यास गेले. या गावाची मोठी मालगुजारी बजाज घराण्याकडे होती. पुढे त्याचे नाव सेवाग्राम झाले. वर्ध्यापासून अंतर अवघे आठ किलोमीटरच्या आसपास. पण तेव्हा धड रस्ता नव्हता. काळी कपाशीची जमीन पहिल्या पावसातच चिकट होते आणि मोटारीची चाके जागच्या जागी फिरत राहतात. दुसरीकडे, देशभरातून पाहुण्यांची रीघ लागलेली. त्यात वृद्ध होते, आजारी होते, परदेशी होते. त्यांची उतरण्याची सोय जमनालालजींच्या बजाजवाडीत. तेथून पुढे त्यांना आश्रमापर्यंत पोहोचवायचे कसे, हा रोजचा प्रश्न होता.

फोर्डला बैल जुंपण्याची युक्ती या परिस्थितीत कामी आली. ती वाटते तितकी विचित्र नाही. वऱ्हाडातील बंडी दोन चाकांची. तिच्या भाराचा काही हिस्सा जुवावाटे थेट बैलांच्या मानेवर येतो. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असल्याने प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या पाठीला कळतो. मोटारीला चार चाके असतात, त्यामुळे भार चाकेच पेलतात आणि बैलांना केवळ ओढण्याचे काम उरते. खाली स्प्रिंगांच्या पाट्या, चाकांना हवा भरलेले रबरी टायर, त्यामुळे हादरे कमी बसतात. इंजिनाचे जड धूड उतरले की पुढचा बोजा हलका होतो. चाक रुतून जागीच फिरण्याचा प्रश्नही मिटतो, कारण जोर चाकातून नव्हे, तर बैलांच्या खुरांतून येतो. शिवाय ही जोडी ज्या जिल्ह्यात जुंपली गेली, तो जिल्हा गवळाऊ या हलक्या चणीच्या आणि चपळ चालीच्या जातिवंत गुरांसाठी प्रसिद्ध. पेट्रोलचा खर्च नाही, इंजिनाची दुरुस्ती नाही. कडबा आणि सरकी गावातच मिळणारी.

नेमक्या याच दशकात जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच प्रकार घडत होता. महामंदीने कंबरडे मोडलेल्या कॅनडातील शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेनासे झाले. त्यांनी मोटारींची इंजिने काढून त्यांना घोडे जुंपले आणि या वाहनांना पंतप्रधान बेनेट यांच्या नावावरून 'बेनेट बग्गी' असे नाव पडले. अमेरिकेतही राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या नावाने अशाच गाड्या धावल्या. तेथील नावात सरकारवरचा राग होता. वर्ध्यातील नावात थट्टा होती, आणि गाडीच्या मालकाला पेट्रोल न परवडण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला नवी मोटार सहज घेता आली असती, त्याने जुनी मोटार बैलांच्या स्वाधीन करावी, हा दोहोंतील खरा फरक.

जमनालालजी यंत्राचे शत्रू नव्हते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. 1931 मध्ये त्यांनी साखर कारखाना काढला. पोलाद उद्योगातही त्यांनी पाऊल टाकले. मात्र जेथे माणसाच्या आणि जनावराच्या श्रमाला काम मिळते, तेथे यंत्राने तो घास हिरावू नये, हा मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी घडवीत असलेला विचार त्यांना पटला होता. कारखानदार आणि ग्रामोद्योगाचा पाठीराखा या दोन भूमिकांची ओढाताण त्यांच्यात अखेरपर्यंत राहिली. बैल जुंपलेली फोर्ड हे त्या ओढाताणीचेच चालते-फिरते रूप होते.

गोपुरीतील अखेर

जयपूर प्रजामंडळाच्या लढ्यात 1939 मध्ये त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंगवास घडला. प्रकृती ढासळल्याने 1941 मध्ये सुटका झाली, तेव्हा राजकारणातून मन निघाले होते. उरलेल्या आयुष्यासाठी एखादे काम गांधीजींकडे मागितले असता गोसेवेचे काम त्यांच्या वाट्याला आले. 1941 च्या सप्टेंबरअखेर गोसेवा संघ स्थापन झाला. बंगला सोडून जमनालालजी वर्ध्याजवळच्या गोपुरीत झोपडीत राहू लागले. गाईंची जोपासना, दुधाचे उत्पन्न, जातिवंत पैदास या विषयांत त्यांनी व्यापाऱ्याच्या हिशेबी वृत्तीने लक्ष घातले. फेब्रुवारी 1942 च्या आरंभी वर्ध्यात गोसेवा परिषद भरली. त्यानंतर काही दिवसांतच, 11 फेब्रुवारी रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे. जानकीदेवींनी आपल्या वाट्याची संपत्ती अर्पण करून पतीचे गोसेवेचे काम पुढे चालवले. 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविण्यात आले.

चाके पुढे गेली

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1945 मध्ये, बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. ज्या आजोबांचे घर एका दागिन्यापायी सोडले, त्यांचेच नाव या कंपनीला होते. 1948 पासून तिने परदेशी दुचाकी-तीनचाकी वाहने आयात करून विकण्यास सुरुवात केली. 1959 मध्ये भारतातच उत्पादन करण्याचा परवाना मिळाला. बजाज ऑटो या नावाने पुढे पुण्याजवळ आकुर्डीत उभ्या राहिलेल्या कारखान्यातून स्कूटर आणि रिक्षा बाहेर पडू लागल्या आणि मध्यमवर्गीय भारताला स्वतःचे वाहन मिळाले. त्या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. 1923 च्या लिलावात ज्या घरच्या मोटारीला गिऱ्हाईक मिळाले नव्हते, त्याच घराच्या वाहनांपुढे गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या.

पित्याचा मार्ग आणि पुत्रांचा मार्ग यांत विसंगती आहे काय, हा प्रश्न वर्ध्यात आजही निघतो. गोपुरीत जमनालालजींच्या स्मरणार्थ उभे राहिलेले गीताई मंदिर 1980 मध्ये विनोबांच्या हस्ते खुले झाले. त्याची कल्पना ज्येष्ठ पुत्र कमलनयन यांची, आणि ते तर उद्योगपती. या मंदिराला छप्पर नाही आणि आत मूर्तीही नाही. शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरले आहेत आणि त्या शिळांच्या रांगांची आखणी गाय व चरखा यांच्या आकारात आहे. वाहनांच्या व्यवसायात उतरलेल्या पुत्राला पित्याचे स्मारक उभारताना ही दोनच चिन्हे आठवली. सेवाग्रामचा रस्ता आता डांबरी आहे, त्यावरून रिक्षा सुसाट धावतात. बैलांनी ओढलेली ती फोर्ड त्या रस्त्यावर पुन्हा दिसणार नाही. पण जवळ असलेली सत्ता, संपत्ती आणि गती यांपैकी किती वापरायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, हा तिचा धडा मात्र वर्ध्याच्या मातीत चाकोरीसारखा उमटून राहिला आहे.